ऊन डोळ्यांना का सोसत नाही?

उजेड सहन न होणे हा स्वतंत्र आजार नसून ते एक लक्षण आहे. त्यामागे साधा कोरडेपणा असू शकतो, तसाच दृष्टी हिरावून घेणारा विकारही असू शकतो. गॉगल चढवून किंवा औषधांच्या दुकानातून थेंब आणून हे लक्षण दडपण्यापूर्वी त्याचे कारण शोधणे का आवश्यक आहे, याचा हा आढावा.

उन्हाळा सुरू झाला की शहरातील रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. दुपारचा खेळ पाहून चित्रपटगृहाबाहेर पडणारे प्रेक्षक, जेवणाच्या सुट्टीत वातानुकूलित कार्यालयातून रस्त्यावर आलेले कर्मचारी, लोकलमधून उतरून पुलावर येणारे प्रवासी, या साऱ्यांची पहिली हालचाल एकच असते. कपाळावर आठ्या पडतात, डोळे बारीक होतात आणि हात नकळत भुवयांशी जातो. मिनिटभरात डोळे उजेडाला सरावतात आणि माणूस चालू लागतो. यात काळजीचे काहीच नाही. किंबहुना डोळ्यांची संरक्षक यंत्रणा ठीक चालल्याचीच ती खूण असते.

काहींचे डोळे मात्र सरावतच नाहीत. उन्हात पाच मिनिटे उभे राहिले तरी पाणी वाहत राहते, डोळा उघडवत नाही, कपाळ ठणकू लागते. पूर्वी कधी न झालेला हा त्रास अचानक सुरू होतो, किंवा एकाच डोळ्याला होतो. वैद्यकशास्त्रात याला ‘फोटोफोबिया’ म्हणतात. ‘प्रकाश’ आणि ‘भीती’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून ही संज्ञा तयार झाली आहे. प्रत्यक्षात हा प्रकार भीतीचा नाही, असह्यतेचा आहे. ताप आला म्हणजे शरीरात कोठेतरी बिघाड आहे असे आपण मानतो. या लक्षणाकडेही तसेच पाहायला हवे.

डोळा उजेडाशी कसे जुळवून घेतो?

उजेड मोजण्याचे एकक लक्स हे आहे. सर्वसाधारण कार्यालयात टेबलावर 300 ते 500 लक्स इतका उजेड असतो. निरभ्र आकाशाखाली भर दुपारी तो 1 लाख लक्सच्या घरात जातो. म्हणजे दाराबाहेर टाकलेले एक पाऊल डोळ्यांच्या दृष्टीने दोनशे ते तीनशे पटींची उडी ठरते.

ही उडी पेलण्यासाठी डोळ्याकडे अनेक योजना आहेत. पहिली योजना बाहुलीची. तरुण व्यक्तीची बाहुली अंधारात सुमारे 8 मिलिमीटरपर्यंत रुंदावते, तर प्रखर उजेडात 2 मिलिमीटरपर्यंत आकसते. व्यास चौपटीने घटला की क्षेत्रफळ सोळापटीने घटते आणि आत शिरणारा उजेडही त्याच प्रमाणात कमी होतो. दुसरी योजना मेलॅनिन या रंगद्रव्याची. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, म्हणजे आयरिस, आणि डोळ्याच्या आतले अस्तर यांतील मेलॅनिन भरकटलेला उजेड शोषून घेते. तिसरी योजना दृष्टिपटलातील पेशींची. या पेशी उजेडाच्या प्रमाणात आपली संवेदनशीलता कमी-जास्त करतात. अंधारातून उजेडात आल्यावर हे काम काही मिनिटांत उरकते. उजेडातून अंधारात गेल्यावर मात्र पुरते सरावण्यासाठी वीस ते तीस मिनिटे लागतात.

या योजना सर्वांच्या डोळ्यांत सारख्या नसतात. आपल्याकडे ‘घारे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डोळ्यांत, तसेच निळ्या-हिरव्या डोळ्यांत, आयरिसमधील मेलॅनिन कमी असते. त्यामुळे अशा व्यक्तींना ऊन काळ्या डोळ्यांच्या व्यक्तींपेक्षा थोडे अधिक जाणवू शकते. हा जन्मजात स्वभाव झाला, विकार नव्हे. काही जणांना उन्हात पाऊल ठेवताच शिंका येतात. हा गुणही आनुवंशिक असून निरुपद्रवी आहे. लहानपणापासून चालत आलेला आणि न वाढणारा त्रास सहसा चिंतेचा नसतो. नव्याने उद्भवलेला किंवा वाढत जाणारा त्रास मात्र दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

दिपणे वेगळे, खुपणे वेगळे

‘उजेड सहन होत नाही’ या एकाच वाक्यात रुग्ण दोन निराळ्या तक्रारी सांगत असतात. पहिली तक्रार दिपण्याची. समोर पांढुरके धुके पसरल्यासारखे वाटते, समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्याभोवती वलये दिसतात, उन्हात माणसांचे चेहरे ओळखता येत नाहीत. यात वेदना नसते. डोळ्यात शिरलेला उजेड पारदर्शक भागातून सरळ न जाता विखुरतो, हे त्याचे मुख्य कारण.

दुसरी तक्रार खुपण्याची. उजेड पडताच डोळ्यात कळ येते, पापण्या घट्ट मिटतात, पाणी येते. चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल या मज्जातंतूचा येथे संबंध असतो. डोळ्याच्या पुढील काचेसारख्या भागात, म्हणजे पारपटलात किंवा कॉर्नियात, या मज्जातंतूच्या टोकांची इतकी दाटी असते की शरीरातील अत्यंत संवेदनशील ऊतींमध्ये तिची गणना होते. पारपटलाला इजा झाली किंवा आयरिसला सूज आली की उजेडामुळे होणारी बाहुलीची हालचालही वेदनादायक ठरते. लचकलेला पाय टेकवताना कळ यावी, तसाच हा प्रकार.

मेंदूचाही यात वाटा असतो. दृष्टिपटलात प्रतिमा टिपणाऱ्या पेशींखेरीज मेलॅनॉप्सिन हे द्रव्य असलेल्या काही पेशी असतात. बाहेर किती उजेड आहे, याची वर्दी त्या मेंदूला देतात. बोस्टन येथील संशोधकांनी 2010 मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी अर्धशिशी असलेल्या 20 अंध व्यक्तींची तपासणी केली होती. त्यांपैकी 6 जणांना उजेडाची जाणीवच नव्हती. त्यांची अर्धशिशी उजेडाने वाढत नव्हती. उरलेल्या 14 जणांना वस्तू ओळखता येत नसल्या तरी उजेडाची जाणीव होती, आणि त्यांची डोकेदुखी उजेडाने वाढत होती. मेलॅनॉप्सिन पेशींकडून येणारे संदेश आणि डोकेदुखीचे संदेश मेंदूतील थॅलॅमस या भागात एकत्र येतात, असे या संशोधनातून पुढे आले. ‘डोळे तर ठीक आहेत, मग उजेडाचा त्रास का,’ या अनेक रुग्णांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

शहरी डोळ्यांचा कोरडेपणा

शहरी जीवनात सर्वाधिक आढळणाऱ्या कारणांपैकी एक म्हणजे डोळ्यांचा कोरडेपणा. डोळ्यावर अश्रूंचा अत्यंत पातळ थर सतत पसरलेला असतो आणि प्रत्येक उघडझापीबरोबर तो नव्याने सारवला जातो. एरवी मिनिटाला पंधराच्या आसपास होणारी ही उघडझाप संगणक अथवा मोबाइलच्या पडद्याकडे पाहताना निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. त्यात वातानुकूलन यंत्राचा कोरडा झोत आणि दुचाकीवरून जाताना लागणारा वारा यांची भर पडते. अश्रूंचा थर जागोजागी फाटतो, पारपटल उघडे पडते आणि उजेड विखुरतोही व टोचतोही. दिपणे आणि खुपणे या दोन्ही तक्रारी येथे एकत्र येतात.

कोरड्या डोळ्यांतून पाणी वाहते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. पण पृष्ठभाग कोरडा पडला की मेंदू तातडीने जादा अश्रू सोडतो. हे पाणी टिकत नाही, गालावर ओघळते आणि कोरडेपणा तसाच राहतो. चाळिशीनंतर, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये, हा त्रास वाढतो. संधिवाताचे काही प्रकार तसेच ॲलर्जीवरील व नैराश्यावरील काही औषधेही अश्रू आटवतात. पापण्यांच्या कडांना सूज किंवा कोंडा असेल तर अश्रूंवरचा तेलकट थर नीट तयार होत नाही. चष्म्याचा नंबर चुकीचा असल्यास डोळे सतत बारीक करण्याची सवय लागते आणि उन्हात शीण अधिक जाणवतो.

लाल डोळा आणि टोचणारा उजेड

डोळा लाल आहे, दुखतो आहे आणि उजेड सहन होत नाही, ही तीन लक्षणे एकत्र आली तर थांबण्यात अर्थ नसतो. पारपटलावर ओरखडा उठला असेल, धूळ किंवा लोखंडाचा कण रुतला असेल, तर उजेडाची असह्यता तत्काळ सुरू होते. त्या जागी जंतूंचा शिरकाव झाला की जखम चिघळते आणि पारपटलावर पांढरा ठिपका दिसू लागतो. उसाचे पाते, भाताची लोंबी किंवा झाडाची फांदी लागून झालेल्या जखमेत बुरशीचा संसर्ग होण्याचा धोका असतो. शहरांत अशा संसर्गाचे वारंवार आढळणारे कारण म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्सचा निष्काळजी वापर. लेन्स घालूनच झोपणे, ती नळाच्या पाण्याने धुणे, तिच्यासकट पोहणे या सवयी महागात पडू शकतात. नळाच्या पाण्यातील अकँथअमिबा हा सूक्ष्मजीव पारपटलात शिरला तर उपचार कित्येक महिने चालतात.

दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे युव्हियायटिस. आयरिस आणि त्याला जोडलेल्या भागाचा हा दाह असतो. यात काळ्या बुबुळाच्या कडेभोवती लाली अधिक दिसते, नजर अंधुक होते, बाहुली आकसलेली राहते. निरोगी डोळ्यावर उजेड पाडला तरी दुखऱ्या डोळ्यात कळ येते, कारण दोन्ही बाहुल्या एकाच वेळी हलतात. हा दाह पुष्कळदा शरीरातील अन्य आजाराची खूण असतो. सकाळी उठताना कंबर आखडणाऱ्या तरुणांमध्ये त्याचा संबंध अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या मणक्यांच्या आजाराशी आढळतो. आपल्या देशात क्षयरोगाची शक्यताही तपासावी लागते. उपचारात दिरंगाई झाल्यास आयरिस मागच्या भिंगाला चिकटतो आणि पुढे काचबिंदू किंवा मोतीबिंदू उद्भवू शकतो.

डोळे येणे हा प्रकार तुलनेने सौम्य असतो. जुलै-ऑगस्ट 2023 मध्ये पुण्याजवळील आळंदीसह राज्याच्या अनेक भागांत डोळ्यांची मोठी साथ पसरली होती. अशा साथीत डोळे लाल होतात, चिकटतात, खाजतात. परंतु बहुतेकांना उजेडाचा तीव्र त्रास होत नाही. डोळे आल्यानंतर तो सुरू झाला तर संसर्ग पारपटलापर्यंत पोहोचल्याची शक्यता असते आणि पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते.

मोतीबिंदूची चाहूल

साठीच्या आसपासच्या व्यक्ती ‘दुपारी दिसत नाही, संध्याकाळी बरे दिसते’ असे सांगू लागल्या की मोतीबिंदूची शंका घ्यावी. विशेषतः भिंगाच्या मागील बाजूस मध्यभागी तयार होणाऱ्या मोतीबिंदूत असे घडते. उन्हात बाहुली आकसते आणि उजेडाला नेमक्या त्या गढूळ भागातूनच जावे लागते. सावलीत बाहुली रुंदावली की कडेच्या स्वच्छ भागातून दिसू लागते. मधुमेही आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या व्यक्तींत हा प्रकार तुलनेने तरुण वयातही होतो. दुसरीकडे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस उजेड जास्त वाटणे स्वाभाविक आहे. गढूळ भिंग निघून गेल्याने अधिक उजेड आत येऊ लागतो, तसेच शस्त्रक्रियेनंतरची किरकोळ सूजही असते. मात्र हा त्रास कमी होण्याऐवजी वाढू लागला आणि सोबत वेदना वा अंधुकपणा आला, तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे.

काहींना उजेडाची असह्यता जन्मतःच मिळते. शरीरात मेलॅनिन जवळजवळ तयारच होत नसलेल्या व्यक्तींचे केस-त्वचा पांढरीफटक असते आणि आयरिस उजेड अडवू शकत नाही. दृष्टिपटलातील शंकुपेशी निकामी असलेल्यांना रंग दिसत नाहीत आणि दिवसा डोळे उघडणे कठीण जाते. पॅसिफिक महासागरातील पिंगेलॅप बेटावर सुमारे 1775 मध्ये आलेल्या वादळातून मोजकीच, सुमारे 20 माणसे वाचली. त्यांच्या वंशजांमध्ये हा एरवी अतिशय दुर्मिळ दोष दर शंभरांत 5 ते 10 जणांना आढळतो.

मूल उन्हात डोळे का मिटते?

लहान मुलांना आपला त्रास शब्दांत सांगता येत नाही, म्हणून पालकांचे निरीक्षण महत्त्वाचे ठरते. मूल उन्हात नेहमी एकच डोळा मिटत असेल तर तो केवळ लाडिकपणा समजू नये. अधूनमधून बाहेरच्या बाजूस वळणाऱ्या तिरळेपणाची ही ओळखीची खूण आहे. घरात दोन्ही डोळे सरळ दिसतात, पण अंगणात काढलेल्या छायाचित्रांत तेच मूल दरवेळी तोच डोळा बारीक करून उभे असते. जुनी छायाचित्रे नेत्रतज्ज्ञांना दाखवल्यास निदानाला मदत होते.

पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, त्यातही मुलग्यांत, उन्हाळ्यात बळावणारी डोळ्यांची एक ॲलर्जी असते. डोळे सतत चोळावेसे वाटतात, तारेसारखा चिकट स्राव येतो, बुबुळाच्या कडेवर पांढुरके उंचवटे दिसतात आणि मूल उन्हात खेळायला जाण्याचे टाळते. उष्ण व कोरड्या हवेत हा आजार अधिक दिसतो आणि बहुधा पौगंडावस्था सरताना आपोआप ओसरतो. तोपर्यंतची वर्षे मात्र सांभाळून काढावी लागतात.

सर्वांत अधिक दक्षता तान्ह्या बाळांच्या बाबतीत हवी. टपोरे डोळे आपल्याकडे सौंदर्याचे लक्षण मानले जातात. पण बाळाचे बुबुळ वाजवीपेक्षा मोठे वा निळसर-धुरकट दिसत असेल, डोळ्यांतून सतत पाणी येत असेल आणि उजेडाकडे नेताच ते आईच्या खांद्यात तोंड लपवत असेल, तर जन्मजात काचबिंदूची शक्यता असते. नवजात बाळाच्या पारपटलाचा व्यास साधारण 10 मिलिमीटर असतो. वर्षाच्या आत तो 12 मिलिमीटरच्या पुढे गेला असेल तर तपासणी अनिवार्य ठरते. यावर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय असून ती जितकी लवकर होईल तितकी दृष्टी वाचते. ताप, खोकला, अंगावर पुरळ आणि उजेड नकोसा होणे ही गोवराचीही लक्षणे आहेत. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली, तेव्हा लसीकरणाचे महत्त्व पुन्हा अधोरेखित झाले. गोवरामुळे, विशेषतः ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या मुलांत, पारपटलाला कायमची इजा होऊ शकते.

दोष डोळ्यांत नसतो तेव्हा

डोळे तपासून काहीच सापडले नाही, तर विचार डोक्याचा करावा लागतो. अर्धशिशीच्या रुग्णांपैकी बहुतेकांना झटक्याच्या वेळी उजेड नकोसा होतो. अनेकांना दोन झटक्यांच्या मधल्या काळातही तो इतरांपेक्षा अधिक जाणवतो. काहींना उन्हात फिरल्यानेच झटका येतो. डोक्याला मार लागल्यानंतरही काही आठवडे हा त्रास राहू शकतो.

ताप, तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, उलट्या आणि उजेडाची असह्यता हा समूह मेंदूच्या आवरणांच्या दाहाकडे, म्हणजे मेनिन्जायटिसकडे, निर्देश करतो. येथे नेत्रतज्ज्ञांची वेळ ठरवत बसू नये. रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी अचानक सुरू झाली, तरीही हेच करावे.

थेंब, धोतरा आणि ठिणग्या

काही वेळा कारण बाहेरचे असते. डोळ्यांच्या तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास उजेड त्रास देतो. यातील ॲट्रोपिन या औषधाचा परिणाम आठवडाभर किंवा त्याहून अधिक टिकू शकतो. हेच ॲट्रोपिन आणि त्याचे सोबती धोतऱ्याच्या झाडात असतात. महाशिवरात्रीला महादेवाला धोतऱ्याची फुले व फळे वाहिली जातात. ती हाताळलेला हात न धुता डोळ्याला लागला तर त्या बाजूची बाहुली मोठी होऊन उजेड असह्य होऊ शकतो. एकच बाहुली मोठी झाल्याने घरची माणसे घाबरतात. डॉक्टरांना धोतऱ्याचा उल्लेख केल्यास अनावश्यक तपासण्या टळू शकतात. मुलांच्या तोंडात मात्र हे फळ जाता कामा नये. ते विषारी असते.

अतिनील किरणांमुळे पारपटल अक्षरशः भाजून निघते. वेल्डिंगची ठिणगी उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला त्या क्षणी काहीच होत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होऊन तो जागा होतो. बर्फाळ प्रदेशातही हेच घडते. ताजा बर्फ सुमारे 80 टक्के अतिनील किरण परतवतो आणि उंची दर हजार मीटरने वाढली की या किरणांचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांनी वाढते. लडाख किंवा हिमालयातील भ्रमंतीला जाणाऱ्या मंडळींनी बाजूंनीही बंद असलेला गॉगल वापरावा, तो याच कारणासाठी. हा दाह दोन-तीन दिवसांत बरा होतो. ग्रहणाच्या वेळी सूर्याकडे थेट पाहिल्याने दृष्टिपटलाला होणारी इजा मात्र वेदनारहित आणि अनेकदा कायमची असते.

बिनचिठ्ठीच्या थेंबांचा धोका

या साऱ्या कारणांची यादी वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात यावी. साधी ॲलर्जी, बुरशीचा संसर्ग आणि युव्हियायटिस यांत रुग्णाला होणारा त्रास वरवर सारखाच असतो, पण उपचार परस्परविरोधी असतात. युव्हियायटिसमध्ये स्टिरॉइडचे थेंब डोळा वाचवतात. तेच थेंब बुरशीच्या किंवा नागिणीच्या विषाणूंनी झालेल्या जखमेत घातले तर डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते. हा फरक भिंगाच्या यंत्राखाली, म्हणजे स्लिट लॅम्पवर, डोळा पाहिल्याखेरीज कळत नाही.

तरीही ‘डोळ्यांत टाकायला काहीतरी द्या’ असे म्हणून औषधांच्या दुकानातून थेंब आणण्याची पद्धत सर्रास आहे. स्टिरॉइड डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकू नयेत असा नियम असला तरी पूर्वीची जुनी चिठ्ठी किंवा शेजाऱ्याची उरलेली बाटली उपयोगात आणली जाते. या थेंबांनी लाली आणि खाज झपाट्याने कमी होते आणि तेथेच फसगत होते. काही आठवड्यांच्या वापराने सुमारे एक तृतीयांश लोकांत डोळ्यातील दाब कमी-अधिक प्रमाणात वाढतो. तो वाढलेला सहसा जाणवत नाही. उन्हाळी ॲलर्जी असलेल्या मुलाला दरवर्षी तीच बाटली आणून दिली जाते, दृष्टीचा परीघ हळूहळू आक्रसत जातो आणि लक्षात येईपर्यंत काचबिंदूने मज्जातंतूची हानी केलेली असते. ती भरून निघत नाही. म्हणून थेंबांच्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी नाव आढळल्यास डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपलीकडे ते वापरू नयेत. मध, गुलाबपाणी, आईचे दूध असे घरगुती पदार्थही लाल व दुखऱ्या डोळ्यात घालू नयेत. ते निर्जंतुक नसतात.

गॉगल कसा आणि केव्हा?

उन्हापासून रक्षण करण्यासाठी गॉगल उपयुक्त आहे, मात्र त्याचा गडद रंग म्हणजे संरक्षण नव्हे. अतिनील किरण रोखण्याचा गुण काचेच्या द्रव्यात किंवा तिच्यावरील थरात असतो. खरेदी करताना ‘यूव्ही 400’ असा उल्लेख पाहावा आणि शंका असल्यास चष्म्याच्या दुकानातील यंत्रावर काच तपासून घ्यावी. हा गुण नसलेल्या गडद काचेमागे बाहुली रुंदावते आणि अतिनील किरणांना उलट मोठे दार मिळते. पाणी, काच, डांबरी रस्ता यांवरून परावर्तित होणाऱ्या उजेडासाठी पोलराइज्ड काच चांगली. अतिशय गडद काचा वाहन चालवताना वापरू नयेत. रुंद कडेची टोपी किंवा छत्री वरून येणारा पुष्कळ उजेड अडवते, हे विसरू नये.

घरात आणि कार्यालयात गॉगल लावून बसणे मात्र टाळावे. डोळे सतत अंधाराला सरावलेले राहिले की साधा उजेडही प्रखर वाटू लागतो आणि काच अधिकाधिक गडद करण्याची वेळ येते. अर्धशिशीच्या रुग्णांनीही कायम काळोख्या खोलीचा आश्रय घेण्यापेक्षा मूळ आजारावर उपचार घ्यावेत. कोरडेपणासाठी दर वीस मिनिटांनी पडद्यावरून नजर हटवून दूर पाहणे, जाणीवपूर्वक पापण्या मिटणे, वातानुकूलनाचा झोत चेहऱ्यावर न घेणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने कृत्रिम अश्रू वापरणे एवढ्यानेही बराच फरक पडतो.

हे दिसल्यास थांबू नका

• उजेडाच्या असह्यतेबरोबर डोळा लाल असून दुखत असेल किंवा नजर अंधुक झाली असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

• पारपटलावर पांढरा ठिपका दिसत असेल, डोळ्यात कण रुतला असेल किंवा झाडपाल्याचा मार लागला असेल तर विलंब नको.

• कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असल्यास ती तत्काळ काढावी, टाकून न देता सोबत न्यावी. तपासणीला तिचा उपयोग होतो.

• ताप, मान आखडणे, उलट्या, गुंगी किंवा अचानक सुरू झालेली तीव्र डोकेदुखी असेल तर थेट रुग्णालय गाठावे.

• तान्हे बाळ उजेड टाळत असेल, डोळ्यांतून पाणी येत असेल आणि बुबुळ मोठे वा धुरकट दिसत असेल तर त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी.

• लाली नाही, वेदना नाही, पण उन्हात किंवा रात्री दिव्यांसमोर दिपणे वाढते आहे, असे असल्यास घाई नसली तरी मोतीबिंदू आणि डोळ्यातील दाब यांची तपासणी करून घेणे हितावह.